दोन माशांची थाप

"तुमच्या घरी मासे आहेत का?" मुलीनं विचारलं, आणि वहिनी तोंड उघडायच्या आत माझा दादा बोलून गेला, "आहेत की!"

घरी मासे नव्हते. टाकी नव्हती. माशाचं चित्र असलेलं साधं कॅलेंडरसुद्धा नव्हतं.

"किती?"

"दोन. एक सोनेरी आणि एक काळा."

मुलगी आठ वर्षांची. मुलं दत्तक देणाऱ्या संस्थेच्या ऑफिसात माशांची टाकी होती. तिच्याजवळच्या स्टुलावर ती बसली होती आणि इतका वेळ तिनं दादा-वहिनीकडे धड पाहिलंही नव्हतं. आता पाहिलं. मग पुन्हा टाकीकडे वळली, आणि भेटीची वेळ संपली.

जिन्यात संस्थेच्या ताईंनी दोघांना गाठलं. "बरं झालं तुमच्याकडे मासे आहेत ते," त्या म्हणाल्या. "आधीच्या घरच्यांनी तिला सायकल आहे म्हणून सांगितलं होतं. गेल्यावर सायकल नव्हती. मग ती तिथे कुणाशी बोललीच नाही. चार महिन्यांनी परत आली. आणि एक लक्षात ठेवा, या वयाच्या मुलीचा होकार लागतो. सव्वीस दिवसांनी मी तिला तुमचं घर दाखवायला आणते. बघू काय म्हणते."

हे सगळं वहिनीनं मला त्याच संध्याकाळी सांगितलं. मी त्यांच्याच इमारतीत दोन मजले खाली राहते. नात्यानं नणंद, पण आमचं भांडण कधी झालं तर ते दादावरूनच.

वहिनी गाडी चालवायला शिकवते. शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. सतरा वर्षं तो दाबून दाबून तिचा उजवा पाय कायमचा सावध झालाय. सोफ्यावर बसून टीव्हीवर कुणी रस्ता ओलांडताना दिसलं, तरी तिचा पाय जमिनीवर रुततो. गल्लीत तिला ब्रेकबाईच म्हणतात. माझा दादा चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवतो. लोकांना लांबचं स्पष्ट दिसावं म्हणून जन्म घालवला, स्वतःला मात्र हातभर पुढचं दिसत नाही.

"ती नाही म्हणेल अशी भीती वाटली गं," तो मला म्हणाला. "चौदा वर्षं थांबलोय. तिनं पहिल्यांदा तोंड उघडलं, आणि मी नाही म्हणू?"

"नाहीच म्हणायचं होतंत," वहिनी म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, तेच वाईट होतं.

"दोन माशांचं ते काय एवढं? उद्या आणू."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं माशांच्या दुकानात गेलो. चिंचोळं, दमट दुकान. दोन्ही भिंतींना टाक्या आणि मधे एकाच माणसापुरती वाट. दुकानाच्या मावशी साठीच्या असतील. बाह्या कोपरापर्यंत ओल्या, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. दादानं सोनेरी आणि काळा मासा मागितला, महिन्याच्या आत घरी एक पाहुणी यायचीय म्हणून.

"पहिलीच टाकी?" मावशींनी विचारलं.

"हो."

"केवढी?"

"दोन फूट लांब."

"मग गोल्डफिश विसरा. सोनेरी काय नि काळा काय, जात एकच. दोन खोल्यांच्या घरात म्हैस बांधण्यातला प्रकार आहे तो. खातो खूप, आणि घाण करतो त्याहून जास्त. लोकांना वाटतं सगळ्यात सोपा मासा हाच. म्हणूनच सगळ्यात जास्त मरतोही हाच."

दादाचा चेहरा उतरला. मावशींनी एकेका टाकीवर बोट ठेवत आम्हाला पुढे नेलं. हा छोटा चमकदार निळा-लाल, दिसायला देखणा, पण नव्या पाण्यात टिकत नाही. हा एकटा बरा, दुसरा दिसला की फाडून खातो. "गप्पी घ्या हवं तर. काटक असतात. फक्त नर-मादी एकत्र ठेवू नका, नाहीतर महिन्याभरात घरात पाळणाघर." एवढं बोलून त्या स्वतःशीच हसल्या. आमच्यापैकी कुणी हसलं नाही. दादा उगीच खोकला. मावशी आमच्याकडे बघत राहिल्या आणि त्यांनी विषय तिथेच सोडला.

शेवटच्या टाकीत अंगावर निळसर पट्टे असलेले बोटाएवढे मासे एका झुंडीनं भरारा फिरत होते.

"हे झेब्रा," मावशी म्हणाल्या. "थंडी सोसतात, चूक सोसतात, पडेल ते खातात. सहा घ्यायचे, कमी नाही. एकटादुकटा राहिला की बावरतो. पण आज नाही देणार."

"का?"

"पाणी तयार नाही म्हणून."

मग त्यांनी समजावून सांगितलं. माशाच्या घाणीतून पाण्यात विष तयार होतं. ते विष पचवणारे जंतू जुन्या टाकीत असतात, नव्या टाकीत नसतात. ते वाढायला तीन-चार आठवडे जातात. त्यांनी आपल्या चालू टाकीतल्या फिल्टरमधला एक मळकट स्पंज पिशवीत घालून दिला. विरजण म्हणून, म्हणाल्या. रोज चिमूटभर खाद्य टाकून ते पाण्यात कुजू द्यायचं. रोज काचेच्या छोट्या नळीत पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकायचे. हिरवं झालं तर विष आहे. पिवळं राहिलं तर नाही. "सलग तीन दिवस पिवळं आलं की या. त्याआधी आलात तर मी दुकान बंद आहे म्हणून सांगेन."

घरातल्या दादाच्या काचा घासायच्या टेबलावर टाकी आली. मासे नसलेली, नुसती गुरगुरणारी. वहिनीनं एक वही घातली. सकाळी कामावर जायच्या आधी ती नळी खिडकीशी धरायची आणि लिहायची. पहिला दिवस, फिकट हिरवं. चौथा दिवस, हिरवं. सातवा, गडद हिरवं. तिला सांगायला कुणी लागत नव्हतं, पण दादाला धीर धरवेना. तो उठता-बसता दिवस मोजायचा. "काळा आणि सोनेरी म्हणून सांगितलंय मी. सहा पट्टेवाले बघून ती काय म्हणेल? दुसरी सायकलच ना ही!"

"मग तिला खरं सांगू."

"आणि ती परत फिरली तर?"

वहिनीनं नळी धुऊन उलटी ठेवली.

नवव्या दिवशी वहिनी कामावरून आली तेव्हा टाकीत दोन गोल्डफिश होते. एक सोनेरी, एक काळा. दादानं दुसऱ्याच कुठल्या दुकानातून आणले होते, आणि नवरदेवासारखा हसत शेजारी उभा होता. वहिनीनं मला फोन केला तो एका शब्दाचा. "ये."

मी वर गेले. दोन्ही मासे पाण्याच्या अगदी वर येऊन तोंड उघडझाप करत होते. वहिनीनं नळी भरली, थेंब टाकले. पाणी एवढं हिरवं झालं की दादाचं हसू विरघळलं.

"पिशवी," वहिनी म्हणाली.

तिनं मासे जाळीत धरले, क्लोरीन उडून जावं म्हणून सकाळीच भरून ठेवलेल्या बादलीतलं नळाचं पाणी पिशवीत घेतलं, आणि आम्ही तिघं शिकवायच्या गाडीत बसलो. मी मागे, मांडीवर पिशवी. वहिनी चालवत होती. दादा पलीकडे, जादा ब्रेकच्या सीटवर, आणि पहिल्यांदाच त्याचा पाय जमिनीवर रुतलेला मी पाहिला. सिग्नल, पुन्हा सिग्नल. एका वळणावर काळा मासा आडवा झाला. मी पिशवी हलवली. तो सरळ झाला. पुन्हा आडवा झाला.

"काय झालं?" दादानं मागे न बघताच विचारलं.

"तुम्ही समोर बघा," वहिनी म्हणाली.

दुकानात पोचलो तेव्हा काळा मेला होता. मावशींनी सोनेरी मासा आपल्या मोठ्या टाकीत सोडला, पिशवीतला मेलेला परत आमच्या हातात दिला, आणि ओरडतील म्हणून आम्ही खाली माना घालून उभे होतो तर एवढंच म्हणाल्या, "ती पाहुणी यायला किती दिवस राहिले?"

"सतरा," वहिनी म्हणाली.

"होईल. पण आता कुणी घाई करू नका."

रात्रीच्या जेवणाआधीच वहिनीनं वहीत लिहिलं: नववा दिवस. गडद हिरवं. काळा मेला. चूक आमची. दादानं गॅलरीतल्या कुंडीत मासा पुरला आणि दोन दिवस तो टाकीकडे फिरकला नाही.

अठराव्या दिवशी पाणी पिवळं आलं. एकोणिसाव्या दिवशी पिवळं. विसाव्या दिवशी वहिनीनं नळी माझ्या डोळ्यांसमोर धरली, "माझा विश्वास बसत नाही, तू सांग." पिवळं होतं. एकविसाव्या दिवशी सहा झेब्रा आले. पिशवीसकट अर्धा तास पाण्यावर तरंगत ठेवून मग सोडले. दादा लांब दाराशी उभा राहून बघत होता, जणू त्याची सावली पडली तरी मरतील.

सव्विसाव्या दिवशी ताई मुलीला घेऊन आल्या. मी चहाच्या निमित्तानं तिथेच घुटमळत होते. मुलीनं चपला काढल्या, एकमेकींना चिकटवून नीट ठेवल्या आणि सरळ टाकीपाशी गेली. बराच वेळ बोट फिरवत राहिली. झेब्रा काही मोजू देत नाहीत.

"सहा," ती शेवटी म्हणाली. "तुम्ही दोन म्हणाला होतात."

वहिनीनं बोलायचं असं ठरलं होतं. तिनं तोंड उघडलं. पण दादाच पुढे झाला आणि मुलीच्या समोर खाली जमिनीवर बसला.

"मी खोटं बोललो," तो म्हणाला. "तेव्हा आमच्याकडे एकही मासा नव्हता. नाही म्हटलं तर तू येणार नाहीस, असं वाटलं."

ताईंनी कप खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला बघवेना.

मुलगी दादाकडे बघत राहिली. "आणि आत्ता खरं बोलताय कशावरून?"

वहिनीनं वही आणून तिच्या हातात दिली. मुलगी पहिल्या पानापासून वाचायला लागली, एकेका ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत. नवव्या दिवसावर बोट थांबलं.

"काळा होता?"

"एक दिवस."

"कुठे टाकलात?"

"टाकला नाही, पुरला," दादा म्हणाला. "कुंडीत."

तिला कुंडी बघायची होती. दादानं दाखवली. ती मातीकडे बघून परत आली, चपला घातल्या, आणि ताईंचा हात धरून निघून गेली. ना हो म्हणाली, ना नाही.

अकरा दिवस फोन आला नाही. ताईंना विचारायचं नाही, असं वहिनीनं ठरवलं होतं. त्या अकरा दिवसांत तिनं एका शिकाऊ माणसाला भर रस्त्यात कारण नसताना चार वेळा ब्रेक मारून थांबवलं. बाराव्या दिवशी सकाळी ताईंचा फोन आला, म्हणाल्या, "ती विचारतेय, सहाही आहेत का?"

"सहाही आहेत."

"मग शनिवारी येतो आम्ही."

ती आली ती एका बॅगेनिशी. तीन दिवस पानात वाढलं तेवढंच खाल्लं, ना कमी ना जास्त. काही हवं का विचारलं की नुसती 'नको' म्हणून मान हलवायची. चौथ्या दिवशी सकाळी वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आली तेव्हा मुलगी टाकीवर खाद्याचा डबा उपडा धरून उभी होती. अर्धा डबा पाण्यात. सगळं पाणी तपकिरी.

"थांब!" वहिनी एवढ्या मोठ्यानं ओरडली की मी दोन मजले खाली ऐकलं. तिचा पाय फरशीवर आदळला. डबा पडला. मी वर पोचले तेव्हा मुलगी टेबलाखाली भिंतीला चिकटून बसली होती, दोन्ही हात डोक्यावर घेऊन. ते हात असे का गेले, ते कुणी कुणाला विचारलं नाही.

वहिनी पांढरीफटक पडली होती. ती हळूच फरशीवर बसली, टेबलाच्या बाहेर, हात लावणार नाही इतक्या अंतरावर.

"ओरडले, चुकलं माझं," ती म्हणाली. "त्यांना भूक लागली असेल असं वाटलं का तुला?"

बऱ्याच वेळानं टेबलाखालून आवाज आला, "ते सारखे वर येतात."

"ते तसेच येतात. हावरट आहेत मेले. पण हे सगळं कुजलं तर ते जगणार नाहीत. मला एकटीला जमणार नाही गं. बादली धरशील?"

मग मुलगी रांगत बाहेर आली.

वहिनीनं लांब रबरी नळी पाण्यात सोडली, दुसरं टोक बादलीत. मुलीनं ते दोन्ही हातांनी घट्ट धरलं. मी जाळीनं खाद्याचा गाळ काढत होते. अर्धं पाणी गेलं, भरून ठेवलेलं पाणी आलं, पुन्हा अर्धं काढलं. वहिनीनं त्या दिवशीचे सगळे क्लास रद्द केले. दुपारपर्यंत तीन वेळा पाणी बदललं. मुलगी कोपरापर्यंत भिजली होती, पण तिनं टोक सोडलं नाही. पाचजण झुंडीत फिरायला लागले. सहावा खाली दगडाशी एका अंगावर पडून कल्ले हलवत होता. संध्याकाळी तो गेला. मुलीनं तो स्वतः जाळीत घेतला आणि रडली नाही.

पुढे कागदपत्रांना आठ महिने लागले. आता ती माझ्या दादाला बाबा म्हणते, वहिनीला अजून काहीच म्हणत नाही, नुसतं "ऐका ना" म्हणते, आणि वहिनी तेवढ्यावर खूश आहे. पण माझ्या डोळ्यांसमोर राहिलाय तो पाणी बदलायचा दिवस. दुपारी तिसऱ्यांदा पाणी काढून झालं होतं. तिघीही ओल्या फरशीवर बसलो होतो. मुलगी बाही पिळत होती. वर न बघता ती म्हणाली,

"मला भूक लागलीये."

वहिनी एवढ्या झटक्यात उठली की भरलेली बादली तिच्या पायानं उलटली आणि पाणी थेट जिन्यापर्यंत गेलं.