थर्ड शिफ्टच्या घरातलं अमेरिकन किचन

"डोळे मिटा साहेब, आणि झोपा," मी म्हटलं.

कंपनीचे पर्सोनेल ऑफिसर दातार बूट काढून खाटेवर आडवे झाले. त्यांच्यापासून चार हातांवर सुशीलाबाई स्टोव्हला पंप मारत होत्या.

ही खाट होती चिंचवडच्या एका कारखान्याच्या सॅम्पल क्वार्टरमध्ये. अख्खी कॉलनी बांधायच्या आधी एक घर बांधून बघतात, ते सॅम्पल. नकाशे आमच्या ऑफिसचे. मी तिथे ड्राफ्ट्समन आहे. हो, बाई असले तरी हुद्दा ड्राफ्ट्समनच.

आमच्या सरांकडे परदेशी मासिकांचा गठ्ठा असतो. जर्मनीचं किचन, स्वीडनचं किचन. त्यातलं अमेरिकेचं त्यांना फार आवडलं: स्वयंपाकघर आणि बसायची खोली यांच्यात भिंतच नाही. बाई रांधता रांधता सगळ्यांशी बोलते. कंपनीलाही आवडलं. भिंत गेली की विटा वाचतात.

माझा त्या मासिकांवर राग नाही. जर्मन बाईचे डबे तिच्या हाताशी असतात, ते फळीचं डिझाइन मी सरळ उचललं. राग याचा, की इथे राहणार कोण, हे कुणी विचारलंच नाही. राहणार प्रेसवरचे कामगार. प्रेस म्हणजे पत्रा दाबून आकार देणारं मशीन. त्यावर डुलकी लागली की बोटं जातात. आणि थर्ड शिफ्ट म्हणजे रात्रभर काम, झोप दिवसा.

सुशीलाबाईंचे यजमान थर्ड शिफ्टलाच. तेव्हा चिखलीतल्या भाड्याच्या खोलीत ते झोपले की बाई स्टोव्ह उचलून दाराबाहेर नेत. नवं घर मिळणार तिसऱ्या मजल्यावर, दाराबाहेर नुसता जिना. आमच्या महिला मंडळाच्या सभेत मी पत्रकं वाटत होते, तेव्हा त्यांनीच मला धरलं. "बाई, मग मी सैपाक कुठं करू?"

मी हे ऑफिसात काढलं. सर म्हणाले, "पत्रकबाजी ऑफिसच्या बाहेर." दातार म्हणाले, "दमलेला माणूस कुठेही झोपतो हो."

"मग झोपून दाखवा," मी म्हटलं.

तर स्टोव्ह पेटला, फरफरायला लागला. तेल तापलं. दातारांनी हट्टानं डोळे घट्ट मिटलेले. मी मिरचीच्या ठसक्याची वाट बघत होते. आणि एकदम सगळं शांत झालं. सुशीलाबाईंनी स्टोव्हची हवा सोडली होती.

"बघा!" दातार डोळे न उघडता म्हणाले. "काही त्रास नाही."

मी चिडले. "बाई, बंद का केलात?"

"माणूस झोपलाय की समोर. माझा हातच चालंना."

"अहो, मी खरा कुठे झोपलोय?" दातार उठून बसले. "करा तुम्ही फोडणी."

"नगं साहेब. नव्या घरात असंच व्हायचंय बघा. हे उठेस्तोवर स्टोव्ह गार. पोरं शाळेतून येतील, शिळं खातील. न्हाईतर बसतील माझ्या तोंडाकडं बघत."

दातारांनी खाटेखालचे बूट ओढले. खरं तर माझ्या तोंडात एक अख्खं पत्रक तयार होतं: खोटं खोटं झोपलेला परका पुरुष, तरी बाईचा हात थांबतो! पण तो हात नुसत्या मानापोटी थांबला नव्हता. नवऱ्याच्या बोटांची भीती त्या हातात रोजची मुरली होती. अशावर पत्रक कसं लिहायचं, मला अजून कळलेलं नाही.

दातार बूट घालत, इतका वेळ दाराशी उभं राहून बघणाऱ्या आमच्या सरांना म्हणाले, "भिंत घालायची तर काम किती लांबेल?"

भिंत मिळाली, छतापर्यंत. दार मिळालं नाही. कंपनीच्या मते भिंत दिली तेवढं पुष्कळ. आता तिथे राहायला आलेल्या सुशीलाबाईंनी चौकटीत गोधडी टांगली आहे. आवाज थोडा अडतो, ठसका अडत नाही. दारासाठी भांडण चालू आहे.

आता घराचा नकाशा काढायचा म्हटला, की माणसं किती हे मी नंतर विचारते. आधी विचारते, दिवसा झोपतं कोण. सरांना हा प्रश्न विचित्र वाटतो. त्यांच्या घरी सगळे रात्री झोपतात.