रिमोटने बंद केलेला कूलर

यवतमाळहून निघाले तेव्हा बाबांनी माझी बॅग ट्रॅव्हल्सच्या डिकीत हलणार नाही अशी नीट बसवली आणि म्हणाले, "पुन्याचे लोक टोचून बोलतात. तू कोनाले उलटून बोलू नको, बाई." आई आलीच नव्हती. गाडी सुटताना रडू येतं म्हणून तिने घराच्या दारातच हातावर दही ठेवून निरोप दिला होता.

बाबांचं मी ऐकलं नाही. उलटून बोलण्यावरच माझं पोट चालतं. पुण्यातल्या एका टेस्टिंग लॅबमध्ये मी विजेची उपकरणं तपासते. करंट बाहेर गळतो का, अर्थिंग धड आहे का, हे पाहायचं. मग लाईनमध्ये मुद्दाम झटके सोडायचे, शेजारची मोटर चालू-बंद होताना येतात तसे, आणि उपकरण बिथरतं का ते बघायचं. बिथरलं की नापास. गावात राहिलेल्या मैत्रिणी विचारतात, म्हणजे नेमकं काय करतेस? बायांनो, दिवसभर नाही म्हणते.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर एक कूलर आला. रिमोटने बंद केला, लाईनमध्ये झटके सोडले, आणि तो आपोआप सुरू झाला. पंखा, पंप, सगळं. कंपनीचा माणूस शेजारीच उभा होता. "मॅडम, बंद तर नाही ना पडला? चालूच झाला!"

"अहो, त्या वेळी आतल्या पाण्यात कुणाचा हात असेल तर?"

तो हसला. "कस्टमर इतका विचार नाही करत."

मी नापास केला. थोड्या दिवसांनी तो दुसरा नमुना घेऊन आला. आतलं सर्किट सुधारलेलं, त्यामुळे पास. आधीचे दुकानांत गेलेत त्यांचं काय, असं विचारलं तर आमचे साहेब म्हणाले, "आपण नमुना तपासतो, बाजार नाही." वाक्य बघा किती स्वच्छ आहे, परीटघडीचं. त्याच आठवड्यात बाबांनी मोबाईलवर फोटो पाठवला. आईच्या शेजारी तोच कूलर, तेच मॉडेल. खाली लिहिलं होतं, 'रिमोटवाला घेतला. आता आईले उठाचं काम नाही.'

फोटो बघताच फोन करून बजावलं, प्लग काढल्याशिवाय पाणी भरू नका; बाबांनी हसण्यावारी नेलं. रजा टाकली आणि आधी बुधवार पेठेत गेले. करंट गळू लागला की लाईन तोडणारा स्विच, ईएलसीबी, घ्यायचा होता. दुकानदार म्हणाले, "घरात कुणी गेलंय का? नाही? लोक त्यानंतर येतात." मला ते झोंबलं, कारण खरं होतं. आमच्याकडे दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून कुणीतरी जातं, पेपरात चार ओळी येतात आणि सगळे नशिबाला बोल लावून मोकळे होतात. नशीब कसलं डोंबलाचं!

घरी पोचले तर प्लगची मोठी पिनच तोडलेली. जुन्या बोर्डात बसत नव्हती म्हणून फिटिंगवाल्याने काढून टाकली होती. म्हणजे अर्थिंगच गेलं. मी भडकले, तसे बाबा दुखावले. "पुन्याले जाऊन घरातले दोष काढाले शिकली तू. रिमोटनं बंद करूनच पानी भरते न तुई माय."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हळूच म्हणाली, "बंद केल्यावरही करंट मारते तो. कधी आपसूकच सुरू होते. रोजचंच हाय ते."

बाबा तिच्याकडे वळले. "मंग सांगितलं काहून नाही?"

"इतक्या हौसेनं आनला तुमी. कसं सांगू?"

बाबांनी प्लग उपटला. दुसऱ्या दिवशी अंगणात अर्थिंगचा खड्डा त्यांनी स्वतः खणला, कुणाला हात लावू दिला नाही. स्विच बसला, जुना बोर्ड बदलला, कूलर ज्याच्याकडून घेतला त्या दुकानदाराच्या दारात नेऊन ठेवला. माझा राग मात्र अजून गेलेला नाही. त्या हसणाऱ्या माणसावर आहे, साहेबांच्या त्या वाक्यावर आहे आणि खरं सांगायचं तर आईवरही आहे. माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, आपण फोनवर 'बरं आहे ना' विचारतो, 'बरं आहे' ऐकतो आणि निर्धास्त होतो. तिकडे ती कुणाचं मन मोडू नये म्हणून विजेचे झटके खात असते. कुणी शिकवलं तिला हे? इतकी वर्षं मी अशाच घराची आठवण काढून रडले, पण ते घर आता मला नको. झटका बसला तर आई मोठ्याने ओरडेल आणि आम्ही सगळे धावत येऊ, ते माझं घर.