कणसरीचं वॉरंट

भास्करराव करंबेळकर माणसाला भेटले की नमस्काराच्या आधी त्याचं डोकं मोजत. माझं मोजलं ते नाशकात, भर भद्रकालीच्या बाजारात, मी वांगी निवडत असताना. मागून दोन थंडगार लोखंडी टोकं कानांच्या वर टेकली. मला वाटलं, सांडशी लावून कोणी डोकंच उपटून नेतोय. वळून पाहतो तर पांढरा कोट, गोल चष्मा आणि हातात बैलाच्या शिंगांएवढा चिमटा. "हलू नका, आकडा बिघडेल," म्हणाले. आकडा वहीत उतरवला आणि मग विचारलं, "आपलं नाव?" भाजीवालीनं त्या दिवशी मला वांगी फुकट दिली. ज्याचं डोकं चारचौघांत मोजतात तो फार दिवसांचा सोबती नाही, असं तिला वाटलं असावं.

मुंबईला शिकून आले होते. विषयाचं नाव मानवशास्त्र. मी विचारलं, "म्हणजे नक्की काय?"

"माणसं जशी वागतात तशी का वागतात, ते शोधायचं."

"त्याला शास्त्र कशाला? बायको पुरते."

ते हसले नाहीत. वहीत लिहून घेतलं.

मी तेव्हा आबाशेठ ठेकेदारांकडे हजेरी-कारकून होतो. पेठच्या बाजूला डोंगरातून रस्ता काढायचा ठेका त्यांच्याकडे होता. आबाशेठ म्हणजे नुसता आवाज. पंचवटीत शिंकले तर गोदेपलीकडची माणसं 'शतायुषी व्हा' म्हणत. त्यांचं एक जुनं दुखणं होतं. रस्त्यावर राबणारे कोकणा जमातीचे डोंगरी मजूर दरसाल आश्विनात, काम ऐन रंगात असताना, कुणाला न सांगता गायब होत. हा नवा विद्वान मी त्यांच्यापुढे उभा केला. भास्कररावांनी शिरस्त्याप्रमाणे चिमटा काढला, तेव्हा शेठजींना वाटलं पागोट्याचं माप घेताहेत. "जरीकाठी असू द्या," म्हणाले. गैरसमज दूर झाल्यावरही त्यांनी भास्कररावांना ठेवून घेतलं. "ही माणसं आश्विनात पळतात का, तेवढं मोजून सांगा," एवढंच काम.

आमचा तळ पडला होता नाशकापासून पंचवीस मैलांवर. एकशे चाळीस मजूर, चार गावांचे. त्यांचा म्होरक्या देवजी, काटक, कमी बोलणारा, पहारीसारखा सरळ. भास्कररावांनी महिनाभरात एकशे चाळीस डोकी मोजली. "आकडा खोटं बोलत नाही," हे त्यांचं तेव्हाचं ब्रीद. मी म्हणायचो, "भास्करराव, आकडा बोलतच नाही, हीच तर पंचाईत आहे." पण ऐकतो कोण?

भाद्रपद सरता सरता तळावरची नागली, म्हणजे आपली नाचणी, संपली. मागे पावसानं रस्ता धुऊन नेलेला, नाशकाकडून बैलगाडी येईना. आबाशेठनी खालच्या खोऱ्यातून नुकताच कापलेला हळवा, म्हणजे लवकर पिकणारा, भात विकत घेतला, कांडून घेतला आणि स्वतः उभं राहून रांधवला. आता त्यांचं काही चांगलं सांगायचं तर हेच ठिकाण आहे: त्या दिवशी त्यांना खरंच वाटत होतं की आपण या माणसांना मेजवानी देतोय. असा वास सुटला होता की डोंगरावरची कोल्ही खाली उतरली. पानं मांडली, भात वाढला. एकशे चाळीस माणसं पानांसमोर बसली आणि एकानंही हात लावला नाही.

"अरे, खा की!" आबाशेठ गरजले.

देवजी उठून उभा राहिला. "खावाचा नाय, शेठ."

"का नाही? कोण नको म्हणतं?"

"कणसरी."

"कोण ही कणसरी?"

"माउली आमची."

"कुठं असते?"

देवजीनं डोंगराकडे हात केला. "रानात. आजून घरा नाय आली. ती आल्याबिगर नाय."

चळवळीचा तो काळच असा की कोणी जेवला नाही तर आधी वैद्याला बोलवावं की फौजदाराला, हे कळत नसे. आबाशेठना तात्काळ उलगडा झाला: कुणी खादीवाली बाई रानात दडून आपल्या मजुरांना उपोषणाला बसवतेय. त्यांनी मला अर्ज सांगितला. 'कणसरी नावाची बाई, वय अंदाजे चाळीस, सरकारी रस्त्याचे कामावरील मजुरांस अन्नत्यागाची चिथावणी देत असून देवजी नामक इसम तिला दडवून आहे.' वय माझ्या पदरचं. अर्जात वय नसलं की सरकार वाचत नाही. भास्करराव त्या वेळी दोन टेकड्यांपलीकडच्या पाड्यावर डोकी मोजत होते. त्यांना विचारावं, हे मला सुचलं नाही. सुचलं असतं तरी आबाशेठसमोर जीभ उचलली असती का, ही बाब वेगळी.

दुसऱ्या दिवशी सकाळी भास्करराव परतले, हकिगत ऐकली आणि कपाळावर हात मारला. "अहो, कणसरी म्हणजे धान्याची देवी! नवा दाणा तिची पूजा झाल्याशिवाय खात नाहीत. माझ्या पुस्तकात सगळं आहे." अर्ज तोवर घोड्यावर बसून नाशकाला निघून गेला होता. पण भास्कररावांना घाई नव्हती, उत्साह होता. पूजा केली की सुटलं! पलीकडच्या पाड्यावरून त्यांनी भगत आणवला, कोंबडा आणवला, कणसांची जुडी मांडली आणि पुस्तक उघडं धरून विधी असा बिनचूक करवला की भगतच दोनदा चुकला आणि ह्यांनी त्याला दुरुस्त केलं. मग पुन्हा पानं मांडली, पुन्हा भात वाढला. भास्करराव हात जोडून म्हणाले, "घ्या, आता घ्या."

कुणी हललं नाही. एकशे चाळीस माणसं खाली मान घालून बसलेली, आणि पानांवरच्या भाताची वाफ हळूहळू विरत गेली. त्यांच्या पोटात दोन दिवस रानातले कंद आणि झऱ्याचं पाणी, दुसरं काही नव्हतं. आबाशेठ मोठ्यानं हसले. ते हसू मला आजही आवडत नाही. दुपारी खडीवर काम करताना एक गडी पहारीसकट कोलमडला आणि दरीच्या काठावर अडकून राहिला. हातभर पुढं पडता तर संपलं होतं.

भास्करराव दगडावर बसून राहिले. तळावर स्वयंपाकाला सोनीआजी म्हणून म्हातारी होती, देवजीच्या गावची. तिच्या चुलीसमोर जाऊन त्यांनी, मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदा, चिमटा न काढता कुणाला प्रश्न विचारला. "आजी, माझं काय चुकलं?"

म्हातारी चुलीतला जाळ सारत म्हणाली, "तुमचे पुस्तकाला गाव नाय."

"म्हणजे?"

"कणसरी ज्याचे त्याचे गावा येतं. ज्याचे त्याचे खळ्यावर. आखा गाव जमतं, मंग सगळं मिळून पैलं खातं. घरची पोरं उपाशी बसली नं मी हितं भात खाऊ? आमी चार गावची. तुमी एकच कोंबडा मारला."

"मग हे आधी कुणी सांगितलं का नाही?"

"तुमी डोकी मोजत व्हताव. इचारलाव कवा?"

आश्विनातल्या गायब होण्याचा खुलासाही त्यातच होता. भास्कररावांनी वही मिटली. तो चिमटा म्हातारीनं चुलीवरचं भांडं उतरवायला मागून घेतला, आणि माझ्या माहितीप्रमाणे पुढं त्याचा तोच उपयोग झाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी फौजदार आले. बरोबर बारा बंदूकवाले शिपाई. मी सांगताना एरवी पन्नास सांगतो, पण इथं बाराच पुरे आहेत. दोन तास त्यांनी रान झाडलं. करवंदीच्या जाळीत 'कणसरीबाई, बाहेर या!' म्हणून पुकारे झाले. एक साळिंदर तेवढं बाहेर आलं. हात हलवत परतले ते चिडून, आणि आल्या आल्या देवजीच्या हातांत बेडी घातली. "बाई कुठं लपवलीस?"

"लपवली नाय. शेतात हाय."

"कुठल्या शेतात?"

"आख्या."

फौजदारांनी त्याच्या मुस्काटात दिली. आणि तिथं सगळं फिरलं. एकशे चाळीस उपाशी माणसं एकदम उठून उभी राहिली, आवाज न करता. कुणाच्या हातात पहार, कुणाच्या हातात घण. शिपायांनी बंदुका खांद्याला लावल्या. मी हजेरीबुक छातीशी धरून गाडीखाली शिरलो. हे मी कुणाला सांगत नाही, पण तिथूनच सगळं नीट दिसत होतं.

भास्करराव बंदुका आणि पहारी यांच्या मधे जाऊन उभे राहिले. "फौजदारसाहेब, आरोपी मी दाखवतो," म्हणाले आणि खालच्या उतारावरल्या पिवळ्या पडलेल्या भाताकडे बोट केलं. "ती पाहा. कणसात दाणा भरतो ना, तीच कणसरी. ती घरी आली की ही जेवतील."

फौजदारांनी अर्ज उघडला. "मग हिचं वय चाळीस कसं?"

गाडीखाली मी हजेरीबुक तोंडावर धरलं.

"चार दिवस यांना गावी जाऊ द्या," भास्करराव म्हणाले. "गावाबरोबर जेवतील आणि परत येतील."

"एकसुद्धा परत यायचा नाही!" आबाशेठ ओरडले. "आणि रस्ता कोण करणार, तुमचं पुस्तक?"

"हमी कोणाची?" फौजदारांनी विचारलं.

"माझी. देवजीला सोडा, त्याच्या जागी मी बसतो. माणसं परत आली नाहीत तर हे उपोषण मीच करवलं, असं लिहून देतो."

फौजदारांनी बराच विचार केला. बारा बंदुका, एकशे चाळीस पहारी. मग देवजीची बेडी काढली. देवजी भास्कररावांकडे एकवार पाहून उतारावरून निघून गेला. त्याच्यामागे सगळा तळ रिकामा झाला.

ते चार दिवस आबाशेठ कामाच्या टोकावर उभे राहून डोंगराकडे पाहत आणि मोठ्यानं म्हणत, "गेले!" चौथ्या दिवशी दुपारी पहिलं गाव परत आलं. संध्याकाळपर्यंत दुसरं, पाचव्या दिवशी तिसरं. देवजीच्या गावचं मात्र एकही माणूस नाही, सोनीआजीसुद्धा नाही. सहाव्या दिवशी फौजदारांचा धीर संपला. ते भास्कररावांना घेऊन नाशकाला गेले. कलम कोणतं लावावं हे ठरेना, म्हणून कोठडीत न घालता नदीकाठच्या एका चौकीच्या ओसरीवर बाकावर बसवलं. मी मागोमाग नाशकातल्या घरी आलो आणि रोज डबा नेऊ लागलो; एवढं तरी करणं भागच होतं.

आठव्या दिवशी आबाशेठ आले. मनानं ते वाईट नव्हते, सांगितलंच मी. कागद पुढं केला. "सही करा, घरी जा. 'देवजी हा मूळ चिथावणीखोर असून फरारी झाला आहे.' मग त्याला पोलीस शोधतील. तुम्हाला कायमची नोकरी देतो. ह्या लोकांना काय चालतं, काय नाही, याची यादी करून द्या. पुढल्या साली कणसरीच तळावर मांडू, रजा द्यायलाच नको!"

"तो का आला नाही, मला ठाऊक नाही," भास्करराव म्हणाले.

"पळाला म्हणून!"

"ते तुमचं म्हणणं. मी एकदा न विचारता सांगितलं, त्याचे परिणाम तुम्ही पाहिलेत. आता विचारल्याशिवाय सांगणार नाही."

"आणि तो आलाच नाही तर?"

"तर मी बसलोय."

फौजदारांनी सांगून टाकलं, दहाव्या दिवशी मॅजिस्ट्रेटपुढे उभं करणार. मी घाबरून गेलो होतो. भास्करराव मात्र शांतपणे बाकावर बसून बोटांवर काही मोजत होते. नवमी, दशमी, असं काहीसं. गाव नवं खात नाही, माणसं परत येत नाहीत, तर गाव थांबलंय. गाव कशानं थांबेल? हे ते माझ्याशी बोलत होते की स्वतःशी, कळत नव्हतं.

दहाव्या दिवशी सकाळी चौकीबाहेर कोलाहल झाला. पायऱ्यांखाली देवजी उभा होता. पंचवीस मैल चालून आलेला, डोकं भादरलेलं, हातात पळसाच्या पानांत बांधलेला भात.

"आलास का लेका!" फौजदार ओरडले. "इतके दिवस कुठं उलथला होतास?"

माझ्याही तोंडून तेच निघालं. शिपायांनीही तेच विचारलं. भास्करराव बाकावरून उठले, पायऱ्या उतरून त्याच्यासमोर गेले आणि अगदी हळू विचारलं, "कोण गेलं?"

देवजीचा चेहरा तोवर दगडाचा होता. "आय," तो म्हणाला. "मी पोचलो त्याच सांजेला. मढं झालं, मंग गावानं नवं थांबवलं. आखा गाव थांबला, दादा. काल सुतक फिटलं. काल नवं केलं. तुमी हितं बसलाव ता मला..."

गावात इतके दिवस सगळ्यांसमोर ताठ उभा राहिलेला तो गडी नाशकातल्या चौकीच्या पायरीवर मटकन बसला आणि मोठ्यानं रडू लागला. भास्करराव त्याच्या शेजारी, धुळीतच, बसले. पानातला भात दोघांच्या मधे होता.

फौजदारांनी हातातला कागद घडी करून खिशात ठेवला आणि शिपायाला पाणी आणायला सांगितलं.