आम्ही म्हणजे कोण, ओव्हाळ?

आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर बुद्धभूषण ओव्हाळ राहतात. त्यांच्याशी आजवर कुणाचं भांडण झालेलं नाही, कारण भांडायला निदान दोन माणसांनी बोलावं लागतं. "काय ओव्हाळ, कसं काय?" म्हटलं की "बरं." "आज उकडतंय नाही?" म्हटलं की "हं." वार्षिक सभेत अकरा वर्षांत त्यांनी एकदाच तोंड उघडलं, तेही जांभई द्यायला. सेक्रेटरी या नात्याने ती इतिवृत्तात घ्यावी का, असा विचार माझ्या मनात येऊन गेला होता.

असा माणूस बेचाळिसाव्या वर्षी सीनिअर सॉफ्टवेअर इंजिनिअरच्या जागेसाठी मुलाखती द्यायला निघाला, त्याची ही हकीकत. बरीचशी मला त्यांनी स्वतःच सांगितली. ते कसं घडलं तेही पुढे येईलच.

ओव्हाळ सोळा वर्षं एकाच कंपनीत होते. कंपनी म्हणजे मालक गोपाळकृष्ण, ओव्हाळ, आणि चहा करणाऱ्या व प्रिंटरला कागद घालणाऱ्या गोदाबाई. मार्केट यार्डात मालाची गाडी आली की तिचं वजन होतं आणि पावती निघते. त्या वजनकाट्यांचं सॉफ्टवेअर ही कंपनी करायची. मालकांचं वय झालं. २०१२च्या दिवाळीत त्यांनी फराळाची बशी पुढे केली आणि म्हणाले, "ओव्हाळ, मार्चअखेर आपण थांबू या."

ओव्हाळ "बरं" म्हणाले, एक चकली उचलली आणि घरी आले.

त्यांच्या पत्नीला, मैत्रीला, ही बातमी चौथ्या दिवशी कळली. तीही भाजी घेताना, गोदाबाईंकडून. मैत्री विमा कंपनीत नोकरी करते आणि दोघांच्या वाटचं तीच बोलते.

"अहो, एवढी मोठी गोष्ट सांगितली नाहीत?"

"तू विचारलं नाहीस."

त्या रात्री बायोडेटा तयार झाला. तो अर्ध्या पानात संपला. 'कामाचा अनुभव' याखाली एकच ओळ होती, आणि 'इतर माहिती' याच्यापुढे लिहिलं होतं, 'नाही'. मैत्रीने तो दीड पानांचा केला. ओव्हाळांनी वाचून विचारलं, "हा कोण?"

यापूर्वीची त्यांची शेवटची मुलाखत १९९६ सालची. मालकांनी विचारलं होतं, "कॉम्प्युटर येतो का?" हे म्हणाले, "येतो." मालक म्हणाले, "सोमवारी या." मधल्या काळात जगात काय काय होऊन गेलं, हिंजवडीच्या शेतांत काचेच्या इमारती उगवल्या, पण ओव्हाळांच्या मते मुलाखत म्हणजे अजून तेवढीच होती.

पहिली मुलाखत फोनवर झाली. मैत्री स्वयंपाकघरातून बघत होती. पलीकडच्या माणसाने विचारलं, मोठ्या सिस्टीमवर काम केलंय का? ओव्हाळांनी मान डोलावली. टीमबरोबर काम करायला आवडतं का? पुन्हा मान डोलावली. एकट्याने जबाबदारी घेतली आहे का? या वेळी तर त्यांनी अगदी ठाम मान डोलावली. पलीकडचा माणूस चार वेळा "हॅलो" म्हणाला आणि लाइन खराब आहे असं समजून त्याने फोन ठेवला. परत केला नाही.

"कसा झाला?" मैत्रीने विचारलं.

"बरा."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मैत्री त्यांना तळमजल्यावर मंदाकिनीबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलं. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी हॉलमधला फळा काही त्यांनी उतरवलेला नाही. पाहुणे सोफ्यावर बसतात आणि नकळत फळ्याकडे तोंड करतात.

"मला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही," बाईंनी सगळं ऐकून घेतल्यावर सांगितलं.

मैत्रीचा चेहरा पडला. "मग कसं हो, बाई?"

"म्हणूनच तर. यांनी सांगितलेलं मला कळलं, तर ते कुणालाही कळेल. उद्या सहा वाजता. सकाळी."

पहिल्या दिवशी मैत्रीही बरोबर होती. बाई खुर्चीत, ओव्हाळ फळ्यापाशी.

"काय काम करता?"

"सॉफ्टवेअर."

"पुढे?"

"मार्केट यार्डासाठी."

"पुढे?"

ओव्हाळांनी मैत्रीकडे बघितलं.

"तिकडे काय बघता? नोकरी त्यांना हवी आहे का?"

"आम्ही वजनकाट्याची सिस्टीम केली," ओव्हाळ म्हणाले. त्यांच्या मानाने हे भाषणच होतं.

"आम्ही म्हणजे कोण?"

"आम्ही... म्हणजे कंपनी."

"त्यात मालकांनी काय केलं?"

"ऑर्डर आणली."

"गोदाबाईंनी?"

"चहा."

"मग राहिलं कोण? आम्ही म्हणजे कोण, ओव्हाळ? संस्थानिक आहात का?"

ओव्हाळांनी खडू उचलला, परत ठेवला. मग चौकीत गुन्हा कबूल करावा तशा आवाजात म्हणाले, "मी."

"ऐकू आलं नाही."

मी पाण्याच्या टाकीची नोटीस द्यायला गेलो, तेव्हा ओव्हाळ निघून गेले होते. फळ्यावर एकाखाली एक वीस वेळा लिहिलेलं होतं: मी केलं, मी केलं, मी केलं. मला बाईंच्या तब्येतीची काळजी वाटली. बाई म्हणाल्या, "माझं नाही, ओव्हाळांचं औषध चालू आहे." आणि वर, "अक्षर बाकी चांगलं आहे हो माणसाचं."

दोन महिने हे चाललं. सकाळी सहा ते सात ओव्हाळ फळ्यावर, मग ऑफिस, मग रात्री कॉम्प्युटरवर मुलाखतीच्या प्रश्नांचा सराव. त्यातला एक प्रश्न त्यांच्या विशेष मागे लागला होता. एकाला एक जोडलेल्या नोंदींची लांबलचक साखळी आहे. ती कुठेतरी संपते, की वळून पुन्हा स्वतःलाच येऊन मिळते, हे कसं ओळखायचं?

बाईंना ते समजावायला त्यांना तीन सकाळी लागल्या. तिसऱ्या दिवशी बाईंचं लक्ष नाही असं पाहून त्यांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. "बाई, समजा एक माणूस चालतोय आणि दुसरा पळतोय. रस्ता सरळ असेल तर पळणारा आधी टोकाला पोचेल, आणि संपलं. पण पुढे मैदानासारखी गोल फेरी असेल, तर पळणारा कधी ना कधी चालणाऱ्याला मागून गाठणारच. गाठलं की समजायचं, साखळी गोल आहे."

बाई खुर्चीत पुढे झाल्या. "हे कळलं. मग परवापासून ती नोड का काय ती कशाला लावली होती?"

त्या दिवशी ओव्हाळांना दहापैकी सहा मिळाले. तोवरचा उच्चांक चार होता.

पण लगेच बाईंनी बजावलं, "हे आता पाठ करू नका. माझ्या मुली प्रमेयं पाठ करून यायच्या. मी आकृतीतली अक्षरं बदलायचे, की लागल्या रडायला. पाठ केलेलं तोंडावर दिसतं."

या सगळ्याकडे ओव्हाळांचे वडील, संभाजीअण्णा, लांबून बघत होते. अण्णांनी मार्केट यार्डात चौतीस वर्षं हमाली केली. सकाळी उठून मुलगा खाली शिकवणीला जातो, हे त्यांच्या काही पचनी पडेना. शेवटी एकदा जेवताना त्यांनी विचारलं, "किती डाव बोलावत्यात रं?"

"पाच राउंड असतात, अण्णा."

"पाच? आमच्या टायमाला मुकादमानं पाठीवर पोतं दिलं. शंभर किलोचं. चाललो. म्हनला, उद्यापासनं ये. झाला इंटरव्ह्यू." अण्णांनी भाकरी मोडली. "तुझं पोतं तरी येकच हाय न्हवं?"

फेब्रुवारीत हिंजवडीच्या एका कंपनीचं बोलावणं आलं. वेळ सकाळी दहाची. ओव्हाळ साडेसहाला स्कूटरवर निघाले. वाकडच्या पुलाखाली कंपन्यांच्या बसगाड्यांमध्ये तासभर अडकूनही सव्वाआठला पोचले आणि पावणेदोन तास गेटसमोरच्या टपरीवर बसून चार चहा प्यायले. मुलाखत अर्थातच इंग्रजीत झाली. मी मराठीत सांगतो, कारण त्यांनीही मला मराठीतच सांगितली.

समोर पद्मजा नावाच्या बाई होत्या. वय तिशीचं, पद मोठं, बोलणं नेमकं. त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला: जोडलेल्या नोंदींची साखळी आहे. ती गोल आहे की नाही, कसं ओळखाल?

दुसरा कुणी असता तर मनातल्या मनात पेढे वाटले असते. ओव्हाळांना मात्र मंदाकिनीबाईंच्या वर्गातल्या त्या रडणाऱ्या मुली आठवल्या.

"मॅडम, हा प्रश्न मला येतो."

"छान. मग सांगा."

"नाही, म्हणजे पाठ आहे. दोन महिने केलाय. याच्यावरून तुम्हाला माझं काही कळणार नाही. दुसरा विचारा."

पद्मजाबाईंनी पेन खाली ठेवलं. रोज चार मुलाखती घेणाऱ्या त्या बाईंना, येत असलेला प्रश्न परत करणारा उमेदवार पहिल्यांदाच भेटला असावा.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "समजा, दुकानातून एक ऑर्डर आमच्याकडे येते. मध्येच नेटवर्क जातं. ऑर्डर पोचली की नाही ते दुकानाला कळत नाही, म्हणून ते पुन्हा पाठवतं. एकच ऑर्डर दोनदा धरली जाऊ नये, म्हणून काय कराल?"

पद्मजाबाईंनी पाण्याचा ग्लास त्यांच्याकडे सरकवला. ओव्हाळांनी तो पाहिलाच नाही.

"मी हे केलंय," ते म्हणाले.

आणि मग सांगायला लागले. यार्डात पहाटे वीस काटे एकदम चालू होतात. मध्येच लाइन जाते. काट्यावरचं मशीन वजन आपल्यापाशी ठेवतं आणि लाइन आली की पुन्हा पाठवतं. त्यामुळे कांद्याच्या एका गाडीच्या दोन गाड्या व्हायच्या. पावती दोनदा निघाली की व्यापारी आणि ड्रायव्हर एकमेकांच्या अंगावर जायचे. ऑफिसात बसून काही उमगेना, तेव्हा ओव्हाळ आठवडाभर पहाटे तीनला काट्याशेजारी पोत्यावर जाऊन बसले. अण्णांच्या ओळखीच्या हमालांनी त्यांना काय, कधी, कसं होतं ते दाखवलं. मग त्यांनी वजनाला ओळखक्रमांक द्यायची जागाच बदलली. क्रमांक ऑफिसात नाही, काट्यावरच द्यायचा, वजन होताक्षणी. तेच वजन दहा वेळा येऊ दे, क्रमांक तोच, म्हणजे नोंद एकच.

"याला आम्ही आयडेम्पोटन्सी म्हणतो," पद्मजाबाई म्हणाल्या.

"हो का? मी 'दोनदा आलं तरी एकदाच' म्हणायचो."

पद्मजाबाई हसल्या. "आणि हे ठरवलं कुणी?"

"मी." हा जरा मोठ्यानेच निघाला. काचेपलीकडून जाणाऱ्या एकाने वळून बघितलं.

पुढच्या फेरीत एका तरुणाने फळ्यावर प्रोग्रॅम लिहायला लावला. तो अर्धाच झाला. वेळ संपल्यावर ओव्हाळ म्हणाले, "चूक तिसऱ्या ओळीत आहे, एवढं कळलंय. दुरुस्तीला अजून दहा मिनिटं लागतील." तरुणाने ते लिहून घेतलं. चांगलं म्हणून की वाईट म्हणून, ते कळायला मार्ग नव्हता. शेवटी मनुष्यबळ विभागातल्या बाईंनी विचारलं, "पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता?" ओव्हाळांनी क्षणभर हिशेब केला. "सत्तेचाळिसाव्या वर्षात."

संध्याकाळी ते मंदाकिनीबाईंकडे गेले आणि फळ्यापाशी उभे राहून सगळं सांगायला लागले. टपरीपासून सुरुवात केली. मी पार्किंगच्या कामासाठी तिथे आलो होतो, तो बसूनच राहिलो. सव्वा तास झाला. आमटीला फोडणी द्यायला म्हणून बाई दोनदा उठल्या आणि दोनदा परत बसल्या. शेवटी म्हणाल्या, "ओव्हाळ, पहिला प्रश्न परत केलात हे उत्तम झालं. प्रोग्रॅम अर्धा राहिला हे वाईट झालं. आता घरी जा, मैत्री वाट बघत असेल."

"बाई, मार्क?"

"सात. जास्त मागू नका."

आठवड्याने फोन आला. मैत्री मुद्दाम शेजारी येऊन उभी राहिली. पलीकडच्या बाई म्हणाल्या, तुमची निवड झाली आहे, पण मोठ्या कंपनीचा अनुभव नसल्याने नुसत्या इंजिनिअरची जागा देऊ. सीनिअरचं वर्षभराने बघू.

मार्च अगदी तोंडावर होता आणि दुसरी नोकरी हातात नव्हती. "मी सीनिअरच्या जागेसाठी आलो होतो," ते म्हणाले. "सोळा वर्षं त्याच पातळीचं काम मी एकट्याने केलंय. तुम्ही पद्मजा मॅडमना विचारून बघा."

फोन ठेवल्यावर मात्र ते खुर्चीत बसले. "मैत्री, चुकलं का गं?"

"मला नाही वाटत," मैत्री म्हणाली, पण त्या रात्री तिलाही झोप लागली नाही.

पुढचे अकरा दिवस वाईट गेले. ओव्हाळ पुन्हा "हं"वर आले. जिन्यात भेटले तर मीच नजर टाळायचो. बाराव्या दिवशी पत्र आलं. सीनिअर सॉफ्टवेअर इंजिनिअर. मैत्रीने ते तीनदा वाचलं आणि मग रडली. मंदाकिनीबाईंनी पत्रातल्या इंग्रजीच्या दोन चुका दाखवल्या आणि पेढा घेतला.

एप्रिलपासून ओव्हाळ कंपनीच्या बसने हिंजवडीला जाऊ लागले. डिसेंबरात तिथे घरच्यांना ऑफिस दाखवायचा दिवस होता. अण्णा धुतलेलं धोतर आणि नवी टोपी घालून गेले. काचेच्या इमारतीत शिरताना त्यांनी रखवालदाराला खणखणीत "जय भीम" घातला. त्यानेही उठून तितक्याच जोरात परत केला, मग दोघे गाव-शिव विचारत दहा मिनिटं दारातच उभे राहिले. वर गेल्यावर अण्णांनी मुलाचं टेबल बघितलं, खिडकी बघितली आणि खुर्चीला चाकं आहेत हे बघून ती जरा मागेपुढे सरकवली.

"बसा की, अण्णा," ओव्हाळ म्हणाले.

"नगं. साहेब आला तर?"

"येऊ द्या. खुर्ची माझी आहे."

अण्णा बसले. दोन्ही हात टेबलावर ठेवून, समोरच्या कॉम्प्युटरच्या बंद पडद्याकडे बघत बराच वेळ बसले.