मी दिलेला शब्द

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मुलींनाही नाही. त्यांना वाटतं, दुष्काळात आईनं वडिलांचा धंदा विकला, दुसरं करणार काय? विकला — तेवढं खरं आहे.

नगरला माळीवाड्यात आमचं जाहिरातींचं दुकान होतं. भिंती रंगवायच्या, थिएटरात सिनेमाआधी पडद्यावर दाखवतात त्या जाहिरातींच्या काचेच्या स्लाइडा करायच्या. हे गेले तेव्हा मला त्यातलं काही येत नव्हतं. दुकान चाललं ते दामोदरमुळे. तो जामखेडकडचा, बौद्ध घरातला. बारा वर्षं ह्यांच्या हाताखाली अक्षरं काढत होता. थेट राजूरपर्यंत रस्त्याकडेच्या भिंतींवर बियाण्यांच्या, विड्यांच्या जाहिराती त्याच्या हातच्या होत्या. ह्यांच्यामागं त्यानंच मला गिऱ्हाइकाशी बोलायला शिकवलं, रंगात तेल किती घालायचं तेसुद्धा. आमच्याकडे भेदभाव नाही हो, असं मी चारचौघांत सांगायची. सांगायला मला आवडायचं — का आवडायचं?

मग लागोपाठ दुसऱ्या वर्षी पाऊस गेला. पेरणीच नाही, तर बियाण्याची भिंत कोण रंगवून घेणार? विडीवाल्यांनी काम थांबवलं. थिएटर अर्धं रिकामं, स्लाइडा कोण देणार? दुकान विकायचं मी ठरवलं. भिंगारचे एक निवृत्त स्टोअरकीपर एकदा येऊन बघून गेले, किंमत पाडून मागितली, आणि परत फिरकले नाहीत.

एका दुपारी दामोदर समोर येऊन उभा राहिला. बायकोचे दागिने मोडून आणि लष्करातल्या भावाकडून घेऊन त्यानं पैसे जमवले होते. म्हणाला, "वैनी, दुकान मला द्या. पाटीवर दादांचंच नाव ऱ्हाईल. मला नावाचं काय न्हाई."

कसं सांगू — मी एक क्षणही थांबले नाही. म्हणाले, "उशीर केलास दामोदर. भिंगारच्या गृहस्थांना मी शब्द दिलाय."

कसला शब्द? कुणाला दिला होता? दुसऱ्या दिवशी टांगा करून मी स्वतः भिंगारला गेले आणि दामोदर देत होता त्याहून कमी पैशांत दुकान त्यांच्या गळ्यात घातलं. खोटं खरं करून आले.

मुलींची लग्नं व्हायची होती म्हणून? गल्ली काय म्हणेल म्हणून? गल्लीत कुणी काही म्हणालं नव्हतं. दिरांनी विचारलंही नव्हतं. ह्यांच्या गादीवर तो बसलेला मला बघवला नसता — एवढंच. हाताखाली होता तोवर तो आमचा दामोदर होता.

भिंगारच्या गृहस्थांना धंद्यातलं काही कळत नव्हतं. उन्हाळ्यापर्यंत त्यांनी शिड्या आणि डबे विकून दुकान बंद केलं. दामोदर गावी गेला, दुष्काळी कामावर खडी फोडायला.

पुढच्या वर्षी जामखेडच्या एसटी स्टँडवर तो मला दिसला. उजव्या हाताची दोन बोटं चिंधीत बांधलेली. हातोडा बसला, म्हणाला. आता ब्रश धरता येत नाही. मुलींची चौकशी केली. मग शेजारच्या माणसांना माझी ओळख करून दिली.

"ह्या आमच्या वैनी. लई शब्दाच्या पक्क्या. मी जास्त देत हुतो, तरी दुसऱ्याला दिलेला शब्द मोडला न्हाई."

ती माणसं माझ्याकडे आदरानं बघत होती. मी मान खाली घातली. त्यांना वाटलं असेल, बाई स्तुतीनं लाजली. तेव्हाच सांगता आलं असतं ना? एसटी लागली, मी चढले, त्यानं माझी पिशवी डाव्या हातानं आत दिली.

त्यानंतर तो सात वर्षं जगला. नगरहून जामखेडला रोज गाडी जात होती. मी गेले नाही.