चार बोटं जास्त

मुंबईत स्वेटर कशाला लागतो, हा प्रश्न त्या दिवाळीत आमच्या घरात कुणीच विचारला नाही. गिरगावच्या चाळीतल्या दोन खोल्या, घामाच्या धारा लागलेल्या, स्टोव्हवर चकलीचं तेल तापतंय आणि आई मांडीवर निळ्या लोकरीचा गुंडा घेऊन बसलेली. मी दहा वर्षांची होते. लोकरीची लडी दोन्ही हातांवर ताणून धरायचं काम माझं. नाक खाजवलं तरी ओरडा बसायचा.

स्वेटर कुणासाठी, हे मला दोन तऱ्हांनी कळलं. बाबांना आई म्हणाली, "तुमच्यासाठी." मला मात्र भाजणी मळता मळता कानाशी येऊन म्हणाली, "मामासाठी आहे. भाऊबीजेला द्यायचाय. कुणापाशी बोललीस तर याद राख." खोटं बोललं की मला रट्टे बसायचे, आणि आई खुशाल बोलत होती. माझ्या डोक्याचा पार भुगा झाला.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. परळला मित्रांबरोबर एका खोलीत राहायचा, शाळेत शिकवायचा आणि उरलेला सगळा वेळ संयुक्त महाराष्ट्राच्या सभा-मोर्चांत असायचा. सत्याग्रहात पकडला गेला तेव्हा त्याने पत्ता दिला तो आमचा. दुसऱ्या दिवशी पोलीस दारात. बाबा सरकारी कचेरीत कारकून, आणि चौकशी चाललेली अख्खी गॅलरी ऐकतेय. त्या संध्याकाळी बाबा म्हणाले, "यापुढे तो या उंबऱ्याच्या आत नको. माझी नोकरी गेली तर महाराष्ट्र येऊन आपल्याला जेवायला घालणार नाही."  मामा सुटला, पण आमच्याकडे फिरकला नाही. आता तो मोर्चाबरोबर दिल्लीला जाणार होता, ऐन थंडीत, आणि गरम म्हणावा असा एक कपडा त्याच्याकडे नव्हता.

बाबांचं मला काही कळायचंच नाही. सकाळी सभेची बातमी मोठ्याने वाचून दाखवणार, वर "अगदी बरोबर बोलले" म्हणणार, आणि खालून घोषणा आल्या की उठून खिडकी लावून घेणार. मग हे कुणाच्या बाजूचे? आईला विचारलं तर म्हणाली, "ते ऑफिसच्या बाजूचे."

माप घ्यायला मामा कुठे मिळणार? म्हणून आईने बाबांनाच उभं केलं. छाती दोघांची सारखीच. पाठ वितीने मोजली, बाही खांद्यापासून मनगटापर्यंत. मामाचे हात तेवढे भलते लांब. त्याच्या शर्टाच्या बाह्या कायम मनगटाच्या वर राहायच्या, त्यावरून त्याला सगळे चिडवायचे. आता ती लांबी कशी वाढवायची या विवंचनेत आई होती. तेवढ्यात बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बाही चार बोटं जास्त धर. धुतल्यावर लोकर आटते."

"बाई बाई, देवच पावला," बाबा बाहेर गेल्यावर आई मला म्हणाली. मला वाटलं, आता हा स्वेटर बाबाच घालणार आणि मामा दिल्लीत कुडकुडणार. त्या काळजीत मी करंज्यांच्या कडा अशा दाबल्या की अर्ध्या तळताना फुटल्या.

आईचा बेत असा, की भाऊबीजेच्या दुपारी हळूच परळला जाऊन यायचं. पण सकाळीच आत्या आली, नवरा-मुलांसकट. बाबांना ओवाळायला येणं तिचा हक्कच होता. श्रीखंड-पुरीत आणि उष्ट्या भांड्यांत आईची दुपार संपली. मला आत्याचा फार राग आला. तिचा भाऊ पाटावर बसणार, माझ्या आईचा मात्र उंबऱ्याबाहेर, हा कुठला न्याय?

संध्याकाळी पाट मांडला. आत्याची नजर घडी केलेल्या स्वेटरवर गेली. "दादा, नवीन कपडा घालून बस ना!" बाबांनी आईकडे पाहिलं आणि निमूटपणे स्वेटर अंगात चढवला. दोन्ही हात बोटांसकट गडप. मुलं खिदळायला लागली.

"वहिनी, नवऱ्याचं मापही येत नाही होय तुम्हाला?"

"धुतल्यावर आटते लोकर," आई म्हणाली.

आत्याने ओवाळलं आणि तबक आईपुढे सरकवत म्हणाली, "तुमचा भाऊ काही यायचा नाही. चंद्राला ओवाळून टाका, म्हणजे झालं." भाऊ नसला किंवा दूर असला की बायका तसं करतात. पण आईचा भाऊ ट्रामच्या अंतरावर होता. ती तबक घेऊन गॅलरीत गेली. समोरच्या चाळीवर बीजेची कोर होती. आईने तबक वर उचललं, पण ते काही तिच्याने फिरवेना. मी तिच्या पदराला धरून रडायला लागले.

बाबा मागून आले. स्वेटर काढून त्यांनी नीट घडी घातली होती.

"चंद्राला कशाला? त्याला थंडी वाजत नाही." स्वेटर त्यांनी माझ्या हातात दिला. "तो इथे नको, हे मी सांगितलंय आणि ते तसंच राहील. पण तू जा. पोरीला घेऊन जा."

आई त्यांच्याकडे बघतच राहिली. मग निरांजन मालवून तिने तबक रुमालाने झाकलं आणि आम्ही निघालो.

परळच्या खोलीत पाट नव्हता. मामा ट्रंकेवर बसला. आईने ओवाळलं, स्वेटर दिला. त्याने तो घातला, हात लांब करून पाहिले, आणि त्याला हसूच फुटलं. बाह्या बरोब्बर मनगटाशी येऊन थांबल्या होत्या.

"ताई, माप कुठून आणलंस?"

आईने त्याच्या बाहीच्या टोकाला चार बोटं लावून पाहिली. तिथेच ट्रंकेच्या कडेला टेकून ती रडली. मामा माझ्याकडे बघत होता आणि मी त्याच्याकडे. दोघांनाही काही कळत नव्हतं.

घरी आलो तेव्हा आत्या गेली होती. बाबांनी पानं घेतली होती. ताकाचा भुरका मारून झाल्यावर बाबांनी पानातून मान वर न करता विचारलं, "पुरल्या का बाह्या?"

"पुरल्या," आई म्हणाली, आणि तिने त्यांच्या पानात आणखी भात वाढला.