बाबांची ओरिजिनल कॅसेट

बाबांच्या उजव्या हातात जीव होता, पण ते तो वापरतच नव्हते. अर्धांगवायूचा झटका येऊन गेल्यापासून चहाचा कप डाव्या हातात, चष्मा डाव्या हाताने, रिमोटसुद्धा डाव्यानेच. फिजिओथेरपीवाली ताई दर खेपेला बजावायची, "काका, अंगठा वापरा, नाहीतर तो काम विसरून जाईल." काका ढिम्म. तिने दिलेला रबरी चेंडू त्यांनी पायाने सोफ्याखाली सारला होता.

एका रविवारी मी बेलवलीहून अंबरनाथला माहेरी आले आणि माळा आवरताना लहानपणीचा टीव्ही गेम सापडला. रणगाड्यांचा. मी शाळेत असताना बाबा आणि मी तो तासन्‌तास खेळायचो आणि हरले की बाबा माझ्यावरच चिडायचे. माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. अंगठाच हलवायचाय ना, मग याच्याइतकं भारी औषध कुठलं?

गेमचा, टीव्हीला जोडायचा डबा पार मेला होता, वायरी उंदरांनी खाल्लेल्या. कॅसेट मात्र धडधाकट. मी तर हवेतच होते. लॅपटॉपला त्या जुन्या डब्यासारखं वागायला लावणारा प्रोग्राम मिळतो, त्याला एम्युलेटर म्हणतात, तो फुकट आहे, गेमही नेटवर पडलेले असतात, असं सगळं मी एका दमात सांगून टाकलं.

"चोरीचं या घरात चालणार नाही," बाबा म्हणाले.

झालं. बाबा म्हणजे उभी हयात फॅक्टरीत माल तपासण्यात घालवलेला माणूस. साहेबाच्या मेव्हण्याचा मालही नापास करून आलेला. पण मीही त्यांचीच मुलगी. आठवडाभर मोबाइलवर कॉपीराइटचा कायदा वाचत बसले. इतकी, की मी घटस्फोटाचं काही बघतेय की काय, अशी नवऱ्याला शंका आली.

पुढच्या रविवारी मी बाबांसमोर वकिलासारखी उभी राहिले. एम्युलेटर कुणीतरी स्वतःच्या अकलेने लिहिलेला असतो, ती चोरी नाही. नेटवरचा गेम उतरवणं चोरी, कबूल. पण रीतसर घेतलेल्या प्रोग्रामची एक राखीव प्रत आपण आपल्यासाठी काढू शकतो, असं आपल्याच कायद्यात आहे. आणि कॅसेट तर आपली आहे.

बाबा ताठ बसले. "उल्हासनगरातून घेतली होती मी. सिंधी दुकानदार दोन कॅसेटी दाखवत होता. मी म्हटलं, साईं, डुप्लिकेट नको, ओरिजिनल दे. महागातली निवडली." मग म्हणाले, "काढ प्रत."

कॅसेटमधला गेम लॅपटॉपवर घेणारं छोटं यंत्र आणि अंगठ्याने बटणं दाबायचा कंट्रोलर, असं सगळं मी ऑनलाइन मागवलं. ते आलं त्या दिवशी ऑफिसात माझं चित्तच नव्हतं. संध्याकाळी थेट अंबरनाथ गाठून आईबाबांना लॅपटॉपसमोर बसवलं. कॅसेट खोचायच्या आधी बाबांनी वाकून तिच्यावर फुंकर मारली, कारण फुंकरीशिवाय कॅसेट चालत नाही हा आमच्या घरचा जुना नियम. कॅसेट यंत्रात इतकी घट्ट बसली की मला दोन्ही हातांनी दाबावं लागलं.

आणि आला हो गेम. तीच ट्यँव ट्यँव. आईने तर चक्क टाळ्या वाजवल्या. मी कंट्रोलर बाबांच्या उजव्या हातात द्यायला गेले, तर त्यांचं लक्ष स्क्रीनच्या तळाशी.

"खाली कंपनीचं नाव कुठंय?"

खाली नुसती काळी पट्टी होती. आमच्या जुन्या मुंग्यामुंग्यांच्या टीव्हीवर ती कधी दिसलीच नव्हती.

"खऱ्या गेमचा फोटो दाखव."

मी नेटवर शोधून दाखवला. तिथे खाली कंपनीचं नाव ठळक होतं. बाबा दोन्ही चित्रं आळीपाळीने बघत राहिले.

"म्हणजे आपला माल डुप्लिकेट. आणि प्रत काढायला मूळ माल रीतसर हवा. तूच म्हणालीस."

मला रडूच फुटायचं बाकी होतं. एवढा कायदा वाचला तो मलाच आडवा आला. आता ते कंट्रोलरला हात लावणार नाहीत हे मला पक्कं कळलं.

बाबा तरातरा उठले. मी मध्ये पडायच्या आत त्यांनी यंत्रातली कॅसेट खसकन उपटली आणि नापास माल धरावा तशी डोळ्यांसमोर धरली. "मला फसवलं. मला, तपासणीच्या माणसाला."

त्यांचं बोलणं चालूच होतं, पण माझ्या कानात काही शिरत नव्हतं. आईने माझा दंड घट्ट धरला होता. कॅसेट बाबांच्या उजव्या हातात होती आणि अंगठा तिच्यावर करकचून दाबलेला होता.